फोटो आहेत, पण आठवत नाही

‘एवढं फिरतो, पण कुणी विचारलं तर काही सांगताच येत नाही,’ अशी तक्रार घेऊन येणारी माणसं मला अधूनमधून भेटतात. आपल्याला काही आजार तर नाही ना, ही धास्ती बहुतेकांच्या मनात असते. त्यांतल्या एकाची हकीकत इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिशी नुकतीच ओलांडलेला तरुण. आठवडाभर संगणकासमोर, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठीला सॅक. पाहायच्या ठिकाणांची भलीमोठी यादी फोनमध्ये. रात्रभर प्रवास, दोन दिवसांत तीन-चार ठिकाणं, पुन्हा रात्रभर प्रवास आणि सोमवारी थेट कामावर. एकदा मित्रमंडळींत तो एका राजवाड्याचं रंगवून वर्णन करत होता. मागचा तलाव, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. सोबत गेलेली मैत्रीण म्हणाली, ‘अरे, तिथे तलाव कुठे होता? तो आपण दुसऱ्याच गावात पाहिला.’ त्याने फोटो काढून बघितले. तिचंच खरं होतं. मग त्याने जुन्या सहली एकेक करून आठवून पाहिल्या आणि तो घाबरला.

‘मॅडम, मला विस्मरणाचा आजार सुरू झालाय का?’

अशी भीती मी हसण्यावारी नेत नाही. रोजच्या रस्त्यावर चुकता का, ठरलेल्या भेटी विसरता का, पैशांचे व्यवहार चुकतात का, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत असं होतं का, मन उदास असतं का, काही औषधं चालू आहेत का, हे सगळं विचारलं. यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा त्रास आणि नैराश्य यांमुळेही विसरायला होतं आणि त्यांवर उपचार आहेत. त्याच्या बाबतीत असं काही दिसलं नाही. तरी मनातली शंका जावी म्हणून त्याने रक्त तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं.

पुढच्या भेटीत मी त्याला एक सहल तासातासाने सांगायला लावली. इथे मला खरी गोष्ट कळली. गाडी किती वाजता पोचली, रांग केवढी होती, बॅटरी कुठे संपत आली, पुढची बस सुटायला किती मिनिटं उरली होती, हे तो न अडखळता सांगत होता. मी विचारलं, ‘आणि आत काय होतं?’ तो गप्प. त्याची स्मरणशक्ती शाबूत होती. ज्याच्याकडे लक्ष दिलं ते तिने नीट जपलं होतं, आणि लक्ष होतं वेळापत्रकाकडे.

फोटोंचा मुद्दा त्यानेच काढला. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन मी त्याला सांगितलं. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादाच भाग जवळ घेऊन टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही. म्हणून मी फोटो बंद करायला सांगत नाही. कॅमेऱ्यावर भार टाकून नजर काढून घेतली, की घोटाळा होतो.

दुसरं कारण त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं: झोप. दिवसभरात पाहिलेलं मनात पक्कं बसण्याचं बरंच काम झोपेत होतं. हा माणूस जाताना आणि येताना, दोन्ही रात्री बसल्या जागी डुलक्या काढत होता. त्यातून एका दिवसात तीन राजवाडे पाहिले, तर एकाचा तलाव दुसऱ्याच्या अंगणात जाणारच. सारख्या गोष्टी पाठोपाठ मनात भरल्या की त्यांची सरमिसळ होते. हे कुणाचंही होईल.

यादी फेकून द्या, असं मी म्हटलं नाही. यादीने त्याला घराबाहेर काढलं, आठवडाभर वाट पाहायला काहीतरी दिलं, याची मला किंमत आहे. पण ती संपत नाही म्हणून तो कासावीस व्हायचा. त्यातली बरीच नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली होती. १९७८ मध्ये त्या यादीत पहिली १२ स्थळं होती, आता ती १,२०० च्या वर गेली आहेत आणि भर पडतेच आहे. १९७२ च्या करारातून ती निघाली ती वारशाच्या जतनासाठी. एका माणसाने ती पुरी करावी, हा तिचा हेतूच नाही. हे ऐकल्यावर तो जरा सैलावला.

मग काही गोष्टी ठरल्या. शुक्रवारी रात्री घरी झोपायचं, शनिवारी पहाटे निघायचं. दिवसाला एकच ठिकाण. पोचल्यावर आधी फोन सॅकमध्ये, एक फेरी नुसत्या डोळ्यांनी, आणि मग फोटो. परतताना गॅलरी उघडण्याआधी काय काय पाहिलं ते मैत्रिणीला सांगायचं किंवा लिहायचं. शेवटचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण स्वतःहून आठवून काढलेली गोष्ट नुसत्या परत पाहिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते.

त्याने आधी हुज्जत घातली. ‘अशाने वर्षाला निम्मीच ठिकाणं होतील.’ होतील, मी म्हटलं. पहिल्या खेपेला त्याने गुपचूप दोन ठिकाणं केली आणि येऊन सांगितलं की पहिलं आठवतंय, दुसरं धूसर आहे. त्यानंतर मला काही पटवावं लागलं नाही.

‘जुन्या सहलींचं काय? त्या परत आठवतील?’ हे त्याने शेवटी विचारलं. मुळात ज्याकडे लक्षच गेलं नव्हतं, ते परत येणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. मैत्रिणीसोबत बसून फोटो क्रमाने पाहिले तर काही धागे सापडतील. मात्र फोटो पाहून आणि दुसऱ्याचं ऐकून, न पाहिलेलंही आठवल्यासारखं वाटू शकतं, हे ध्यानात ठेवायला हवं. त्याने यादीतल्या काही जुन्या खुणा पुसल्या आहेत. तो राजवाडा त्यांत पहिला आहे, आणि या वेळी तिथे मुक्काम करायचा असं दोघांनी ठरवलं आहे.