वादक-गायक बदलले, म्हातारे झाले, तरी एकाच रॉक बँडचं चाहतं राहण्यात काय मिळतं? आणि तो बँड 'तोच' उरतो का?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण दोन्ही गोष्टी मी स्वतःला विचारलेल्या आहेत. मी १९९९ पासून आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची चाहती आहे. दुसऱ्या बँडबद्दल मला अधिकारानं बोलता येणार नाही, म्हणून जे सांगते ते मेडनचंच.

माझं माहेर मिरजेचं. त्या दिवाळीत दादा पुण्याहून होस्टेलमधून आला, तो एक नव्वद मिनिटांची कॅसेट घेऊन. कुणाकडून तरी रेकॉर्ड करून घेतलेली, वर निळ्या बॉलपेननं फक्त 'मेडन' लिहिलेलं. एका बाजूला 'पॉवरस्लेव्ह' हा १९८४चा अल्बम, दुसऱ्या बाजूला 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा १९८२चा. आता गंमत बघा, कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि 'पॉवरस्लेव्ह' एक्कावन्न मिनिटांचा. त्यातलं शेवटचं गाणं १३ मिनिटं ४५ सेकंदांचं, इंग्रज कवी कोलरिजच्या 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' या कवितेवर बेतलेलं. खलाशी अल्बट्रॉस पक्ष्याला मारतो, वारा पडतो, जहाज समुद्रात जागच्या जागी थांबतं. गाण्यातही तिथं सगळं थांबतं. ड्रम बंद, गिटार अगदी हळू, जहाजाची लाकडं करकरतात आणि एक आवाज कवितेच्या ओळी म्हणतो. पुढं बास गिटारचा सूर हळूहळू चढायला लागतो आणि नेमकी तिथंच आमची कॅसेट संपायची. खट्. बटण वर.

सहा महिने माझ्यासाठी ते जहाज तिथंच उभं होतं. पुढच्या मे महिन्यात दादानं उरलेली सहा मिनिटं दुसऱ्या कॅसेटवर आणली. त्यानंतरही कितीतरी वर्षं मी ते गाणं दोन तुकड्यांतच ऐकलं, मध्ये उठून कॅसेट बदलून.

आमच्या गल्लीत तंबोरे बनवणारे एक चाचा होते. त्या भागात हे घरोघरचं काम, भोपळे वाळत घातलेले दिसायचे, तारा जुळवल्याचे आवाज दिवसभर कानावर. एकदा त्यांच्या दुकानात बसून मी टेपरेकॉर्डर लावला. मला वाटलं होतं, ते बंद करायला सांगतील. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मागून लाव बेटा पुन्हा. हा खाली चाललाय तो कोण?" तो बास होता, मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा. चाचा कान लावून ऐकत राहिले. म्हणाले, "ह्याची जवारी उघडी आहे. आणि बोटानं वाजवतोय, नखीनं नाही." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून तार तिथं किती टेकेल हे ठरवतात, त्यातून ती झणझण येते, तिला जवारी म्हणतात. गिटारला अशी घोडी नसते. पण पुढं मी वाचलं की हॅरिस सपाट वेढ्याच्या तारा लावतो आणि बोटांनी इतक्या जोरात छेडतो की तार पडद्यांवर आपटते, म्हणून त्याच्या बासला तो धातूचा खणखणाट असतो. आयुष्यात इलेक्ट्रिक बास हातात न घेतलेल्या माणसानं कॅसेटच्या तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरून हे ओळखलं होतं. त्या दिवसानंतर मला मेडनचं संगीत 'परदेशी' असं कधी वाटलंच नाही. तार, बोट आणि घासल्याचा आवाज. तो तर आमच्या गल्लीत रोजचा होता.

मेडनची ओळख असलेली ती घोडदौडीची चालही त्याच बोटांतून येते. एक ठोका लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. चौखूर सुटलेलं घोडं डोळ्यांसमोर आणा. बाकीचे बँड जी लय गिटारवर पिकनं, म्हणजे नखीनं, काढतात, ती हा माणूस मुख्यतः दोन बोटांनी दोन-दोन तास काढतो. त्यानं १९७५च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये हा बँड सुरू केला. सतराही स्टुडिओ अल्बमांवर वाजवणारे दोघेच, हॅरिस आणि गिटारवादक डेव्ह मरे. बाकी प्रत्येक जागा कधी ना कधी बदललेली आहे. त्यामुळे 'बँड तोच उरतो का' हा प्रश्न मेडनला १९८१ सालीच पडला असणार, पहिले दोन अल्बम गायलेला पॉल डिआनो गेला आणि ब्रूस डिकिन्सन आला तेव्हा.

मी चाहती झाले ते साल नशिबाचं. ब्रूस १९९३मध्ये बँड सोडून गेला होता, तो १९९९मध्ये परत आला. मधली पाच वर्षं ब्लेझ बेली गायचा. दादा त्याच्या काळातल्या दोन अल्बमांना हात लावायला तयार नव्हता. मी ते हट्टानं ऐकले आणि माझं मत आजही ठाम आहे: त्या माणसावर अन्याय झाला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. त्याला मंचावर ब्रूसची वरच्या सप्तकातली गाणी रोज रात्री मूळ पट्टीत गायला लावली, बँडनं पट्टी उतरवली नाही. कुणाचाही गळा त्यात दमेल. पण पुढं काय झालं बघा. ब्रूस परत आल्यावर ब्लेझच्या काळातली गाणी गाळून टाकता आली असती. २००१मध्ये रिओच्या प्रचंड गर्दीसमोर ब्रूसनं त्यातली दोन गायली आणि २०१८च्या दौऱ्यातही ती होती. गेलेल्या माणसाचं काम पुसलं नाही. मला वाटतं, माझी भक्ती खरी पक्की झाली ती इथं. गाण्यांवर जीव आधीच जडला होता. हे लोक कसे वागतात, यावर आता जडला.

क्लाइव्ह बरचंही तसंच. पहिल्या तीन अल्बमांचा ड्रमर, १९८२मध्ये बाहेर पडला. पुढं त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला. बँड सोडून वीस वर्षं होत आलेल्या माणसासाठी मेडननं मार्च २००२मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत कार्यक्रम केले आणि त्याच्या उपचारांसाठी पैसा उभा केला. तो २०१३मध्ये गेला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा आजार माणसाला वर्षानुवर्षं कसा खात जातो आणि पहिल्या वर्षानंतर भेटायला येणारे कसे कमी होतात, हे मी रोज बघते. म्हणून ब्रिक्स्टनची ती गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

आता १ फेब्रुवारी २००८ बद्दल, कारण त्याशिवाय हे उत्तर पुरं व्हायचं नाही. जगभराच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर. कलाकार, तंत्रज्ञ आणि टनावारी सामान एकाच बोइंग ७५७मध्ये, आणि ते विमान चालवायला स्वतः ब्रूस. तो तेव्हा खरोखरीचा वैमानिक होता, एका विमान कंपनीत नोकरी करायचा. मी मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघाले, मध्यरात्रीनंतर पुण्याला दादा चढला. दोघांपैकी कुणालाच झोप आली नाही.

मैदानात धूळ इतकी की रुमाल तपकिरी झाला. काळ्या टीशर्टांचा समुद्र, आणि कुठून कुठून आलेली पोरं! शेजारी शिलाँगचा एक मुलगा होता, तो तीन दिवसांचा प्रवास करून आला होता. कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावतात ते चर्चिलचं भाषण स्पीकरवर सुरू झालं आणि त्यानं माझा हात गच्च धरला. नाव त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या रात्री त्यांनी ते तेरा मिनिटांचं गाणं वाजवलं. जहाज थांबलं, ड्रम थांबले, मंचावर अंधार आणि धूर. लाकडं करकरायला लागली. इतकी माणसं, पण कुणी ओरडत नव्हतं. बास चढायला लागला तसं माझं अंग आपोआप आवळलं. माझे कान त्या 'खट्'ची वाट बघत होते. दादाकडे पाहिलं तर त्यानं डोळे मिटून घेतले होते, त्यालाही तेच वाटत होतं. खट् झालंच नाही. बास चढत गेला, ड्रम आले, ब्रूसनं ती लांब किंकाळी मारली आणि जहाज हललं. मी रडले, भरपूर रडले. आठ वर्षांनी ते गाणं माझ्यासाठी एकसंध झालं होतं.

नुसत्या आठवणींवर इतकी वर्षं निघत नाहीत, हेही सांगायला हवं. मेडन नवं काम करत राहिले म्हणून मी राहिले. २००६चा नवा अल्बम त्यांनी दौऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, लोक जुन्या गाण्यांसाठी ओरडत असताना. २०१५मध्ये ब्रूसनं पियानोवर रचलेलं अठरा मिनिटांचं गाणं आलं, आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर. ते जहाज निघालं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. तिथं त्याच्यासाठी प्रचंड हँगर बांधून तयार होता. ५ ऑक्टोबर १९३० रोजी ते फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं, ५४ पैकी ४८ माणसं गेली. हे गाणं गाताना ब्रूसच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती, कॅन्सरचं निदान व्हायचं होतं. उपचार घेऊन तो पुन्हा दौऱ्यावर गेला. विमान उडवत.

आणि निको. निको मॅकब्रेन, १९८२च्या अखेरीपासूनचा ड्रमर. पायानं वाजवायच्या बास ड्रमला एकच पॅडल वापरणारा, तेही बहुतेक वेळा अनवाणी. जानेवारी २०२३मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, खांद्यापासून खाली शरीराची एक बाजू गेली. दहा आठवड्यांच्या उपचारांनी सत्तर टक्क्यांच्या आसपास परत आलं, असं त्यानंच सांगितलं, आणि मे महिन्यात तो दौऱ्यावर होता. वय सत्तर. बातमी वाचली तेव्हा मी क्लिनिकमध्ये होते. माझ्या व्यवसायात याचा अर्थ काय, तर खांदा आणि कोपर आधी साथ देतात, बोटं सगळ्यात शेवटी. मूठ आवळता येते, सोडता येत नाही. ड्रमची काठी तर आवळून धरायची वस्तूच नव्हे. ती उसळायला हवी, बोटांनी क्षणात ढिली सोडून क्षणात पकडायला हवी. काही जलद जागा पूर्वीसारख्या जमत नाहीत हे निकोनं लपवलं नाही. तो पुढं दीड वर्ष वाजवत राहिला आणि ७ डिसेंबर २०२४ला साओ पाउलोत त्यानं दौऱ्यांचा निरोप घेतला.

माझ्याकडे तेव्हा भजनात पखवाज वाजवणारे एक आजोबा येत होते, लकव्यानंतर. हात आता काय कामाचा नाही, असं म्हणून व्यायामाला कंटाळलेले. मी त्यांना फोनवर निकोच्या २०२३च्या दौऱ्यातली एक क्लिप दाखवली. संगीताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. म्हणाले, "तोंड नको दाखवू त्याचं, मनगट दाखव." पुन्हा पुन्हा बघितलं. "जड आहे अजून. वाजवतोय पण." मग त्यांनी टेबलावर बोटं टेकवली आणि ती एकेक करून उचलायला लागले. अनामिका हलत नव्हती. ती हलायला पुढचे पाच आठवडे लागले.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. मला यातून दादा मिळाला, म्हणजे एरवी वर्षातून दोनदा फोन करणारा भाऊ होऊ शकला असता, तसा तो झाला नाही. चाचा मिळाले. आणि काम करायची एक रीत दिसली, जी मी रोज क्लिनिकमध्ये वापरते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र घरात अजून एकमत नाही. २७ मे २०२५ला बुडापेस्टमध्ये नव्या ड्रमरसह पहिला कार्यक्रम झाला. सायमन डॉसन, हॅरिसच्याच दुसऱ्या बँडमधला, ब्रिटिश लायनमधला. दुसऱ्या दिवशी मी इकडे आणि दादा तिकडे, एकाच वेळी क्लिप लावून फोनवर बसलो. दादा म्हणाला, "निकोच्या निम्म्या जागा गाळतोय गं हा." मी म्हणाले, "गाळत नाहीये, सरळ वाजवतोय. क्लाइव्हच्या काळातली गाणी ऐक त्याच्या हातून, तिथं बसतंय." तो म्हणाला, "मग निकोच्या काळातल्या गाण्यांचं काय?" पाऊण तास झाला, माझा पेशंट बाहेर येऊन थांबला, तेव्हा फोन ठेवला. रात्री दादानं आणखी एक क्लिप पाठवली, खाली लिहिलं होतं, 'हे ऐक, मग बोल.'