जादा बॅटरी माळ्यावर नको

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप जुना आहे, पण टायपिंगला आणि सोसायटीच्या हिशेबाला अजून उत्तम चालतो. खालचा खटका सरकवला की बॅटरी बाहेर येते. हे मॉडेल आता बंद झालंय, म्हणून मिळतेय तोवर एक जादा बॅटरी घेऊन ठेवली. ती फुल चार्ज करून, गुंडाळून माळ्यावर ठेवायचा विचार आहे. भाचा म्हणतो, फ्रीजमध्ये ठेवा. काय करू?
– एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : काका, माळ्यावर अजिबात नको आणि फुल चार्ज करूनही नको. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन गोष्टी बाधतात, आणि तुमच्या बेतात दोन्ही आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. स्लॅबखालचा माळा तर रात्रीही तापलेला असतो.

पूर्ण चार्ज झालेल्या सेलचं व्होल्टेज साधारण ४.२ असतं. त्या व्होल्टेजला आतलं रसायन हळूहळू बिघडत राहतं, उन्हाळ्यात आणखी वेगाने. २५ अंशांना फुल चार्ज ठेवलेली बॅटरी वर्षात सुमारे २० टक्के क्षमता गमावते, ४० टक्के चार्जवर ठेवलेली जेमतेम ४ टक्के. तापमान ४० अंशांवर गेलं की हेच आकडे साधारण ३५ आणि १५ होतात. नुसता चार्ज उतरला तर पुन्हा भरता येतो, पण गेलेली क्षमता परत येत नाही.

म्हणून बॅटरी लॅपटॉपला लावा, निम्म्यावर येईपर्यंत वापरा, लॅपटॉप बंद करून काढून घ्या. काही बॅटऱ्यांवर बारीक बटण असतं. ते दाबल्यावर चार-पाचपैकी निम्मे दिवे लागले की झालं. वर कागदी चिकटपट्टी लावून तारीख आणि टक्के लिहा. मग कोरड्या डब्यात घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून लांब. त्याच डब्यात किल्ल्या, नाणी, स्क्रू टाकू नका. पिनांना धातू लागला तर शॉर्ट होईल.

दर तीन महिन्यांनी बघा. वीस-तीस टक्क्यांवर आली असेल तर पुन्हा निम्मी भरा. हे चुकवू नका, कारण बॅटरीचं स्वतःचं सर्किटही थोडाथोडा चार्ज खात असतं. सेल फारच खाली उतरला की सुरक्षेसाठी सर्किट बॅटरी बंद करून टाकतं, आणि त्याहूनही खाली गेला तर आतलं तांबं विरघळायला लागतं. माझ्या टेबलावर अशा बॅटऱ्या येतात : वरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा न काढलेल्या, आणि पूर्ण मेलेल्या. पैसे देऊन घेतलेली वस्तू एकदाही न वापरता गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

भाच्याचं म्हणणं चुकीचं नाही, थंडावा बॅटरीला मानवतोच. पण पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या वस्तूवर लगेच दव धरतं. ठेवायचीच तर हवाबंद पिशवीत, खालच्या कप्प्यात ठेवा. काढल्यावर पिशवी न उघडता काही तास बाहेर राहू द्या, मगच लॅपटॉपला लावा. फ्रीजरमध्ये मात्र कधीच नको. तुमच्या घरात गार कपाट असेल तर मी तेच निवडेन.

आता तुम्ही न विचारलेलं. कांदा चाळीत कितीही नीट ठेवला तरी वजनाला घटतोच, बॅटरीचंही तसंच आहे; ती न वापरताही म्हातारी होते. त्यामुळे नवी तशीच ठेवून जुनी पार संपेपर्यंत वापरण्यापेक्षा दोन्ही आलटून-पालटून वापरा. महिनाभर ही, महिनाभर ती. चार्ज तपासायचं कामही त्यातच होऊन जाईल, आणि नव्या बॅटरीत काही दोष असेल तर वॉरंटीच्या मुदतीतच कळेल.

दोन्हींपैकी एखादी फुगलेली दिसली, लॅपटॉपमध्ये बसताना अडू लागली, तर दाबू नका, चार्जिंगला लावू नका. घंटागाडीच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्या.