गवंड्याची लेक आणि छापलेली भिंत

प्रश्न: मी खानापूर तालुक्यात गवंडीकाम करतो. मुलगी बेळगावात सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मशीनने घरं छापतात, त्याचं काँक्रीट बनवायला शिकायचं म्हणते. यात पोट भरेल का, की आत्ताच साईटवर नोकरी धरू दे?

उत्तर: दादा, लेक जे म्हणते ते काम तुमच्या ओळखीचं आहे. फक्त इथे सेंट्रिंगच्या फळ्या नसतात. नळीतून मालाची पट्टी बाहेर येते आणि थरावर थर बसतो. नळीत माल सैल हवा, खाली पडला की लगेच ताठ. घट्ट झाला तर पंप तुंबतो. सैल राहिला तर वरच्या थरांच्या वजनाने खालचा फुगतो आणि भिंत बसते. दोन थरांत वेळ गेला तर सांधा कच्चा. मोठी खडी चालत नाही म्हणून सिमेंट जास्त लागतं, आणि फळ्या नसल्याने पाणी उडून तडे जातात. मग फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख), सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक भुकटी), ॲडमिक्श्चर (मालाचे गुण बदलणारी रसायनं) घालून प्रमाण बसवत राहायचं. एप्रिलच्या उन्हात बसलेलं प्रमाण खानापूरच्या जुलैत चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

बेंगळुरूच्या हलसूरमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये असं छापलेलं १,०२१ चौरस फुटांचं पोस्ट ऑफिस सुरू झालं. आयआयटी मद्रासचं मार्गदर्शन होतं. तरी अशा नोकऱ्या आज थोड्याच आहेत. म्हणून मशीन चालवण्याच्या महागड्या छोट्या कोर्सला पैसे घालू नका. तिने काँक्रीटच मुळापासून शिकावं. रेडीमिक्स प्लांट आणि ॲडमिक्श्चर कंपन्यांनाही तेच ज्ञान लागतं.

डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची कर्नाटकातली प्रवेश परीक्षा, देऊन ती बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकते. पुढे एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा चांगली गेली, तर सरकारी संस्थेत एम.टेक. करताना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. साईटची नोकरी सुट्टीत जरूर करू दे.

या रविवारी एक करा. बारीक वाळूचा माल कालवा, जाड पिशवीत भरा, कोपरा कापा आणि मेंदीच्या कोनासारखा दाबून थर चढवा. दोघांनीही हातमोजे घाला. दर दहा मिनिटांनी नवा थर. किती पाणी, कितव्या थराला भिंत बसली, हे तिने वहीत लिहावं. माल कधी धरला, ते मात्र तुम्ही थापी लावून सांगा.