रोज सातला सुरू होणारं रडणं

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा आठवड्यांची आहे. दिवसभर बरी असते, पण संध्याकाळी सातला जी रडायला लागते ती दहापर्यंत. पाजून होतं, दुपटं बदलून होतं, तरी थांबत नाही. घरचे म्हणतात, 'तुझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर.' काय करू?

उत्तर : आधी दुधाचं बघू, कारण रडण्यापेक्षा ते बोलणं तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. २४ तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा बाळ चांगली शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. हवं तर दवाखान्यात वजन करून घ्या आणि तो आकडा घरच्यांना दाखवा. संध्याकाळच्या रडण्यावरून दुधाचा हिशेब लागत नाही.

तुम्ही 'सहा आठवडे' लिहिलंत तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं. बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चढत जातं, सहाव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. वेळही बहुतेकदा संध्याकाळचीच.

मी कितीतरी वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते, तरी माझ्या मुलाच्या वेळी चुकलेच. तो रडला की मी छातीशी घ्यायची. तो पाठ ताठ करून तोंड फिरवायचा, मी पुन्हा लावायची. त्याला झोप हवी होती. रडण्याच्या दहा मिनिटं आधी त्याच्या भुवया लालसर व्हायच्या, नजर भिंतीवर कुठेतरी अडकायची. ते कळायला मला तीन आठवडे लागले. भुकेलेलं बाळ वेगळं दिसतं : तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवतं, मूठ तोंडाशी नेतं. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते.

म्हणून सातची वाट पाहू नका. साडेसहालाच दिवा मंद करा, माणसांची ये-जा थांबवा आणि तिला छातीशी घट्ट धरून पाच मिनिटं एका लयीत चाला. मध्ये थांबायचं नाही. डोळा लागला की लगेच खाली ठेवू नका, मांडीवर घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटं बसा. २०२२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून हेच सुचवलं होतं. मग तिला उताणं झोपवा. एखादी संध्याकाळ तरीही फुकट जाईल, त्यात तुमची चूक नसते.

अचानक, कळवळून रडली तर पायमोजे काढून बोटं तपासा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात आणि एखादा केस बाळाच्या बोटाला करकचून गुंडाळला जातो. वॉर्डात मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

रागाने हात थरथरायला लागले तर तिला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर जा, किंवा दुसऱ्या कुणाकडे द्या. बाळाला गदगदा हलवणं जिवावर बेतू शकतं, एकदाही नको.

आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, हिरवी उलटी झाली, दूध ओढेनाशी झाली, किंवा नेहमीपेक्षा वेगळंच, किंचाळल्यासारखं रडायला लागली, तर सकाळपर्यंत थांबू नका. या वयात रात्रीच डॉक्टरांकडे न्यायचं.