बुल कॉनर आणि ऑल्बनीचा शांत पोलिसप्रमुख

प्रश्न : अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये पोलिसांनी कृष्णवर्णीय आंदोलकांवर कुत्री सोडली, म्हणून अमेरिकेतला कायदेशीर वर्णभेद संपला, हे खरं का?

उत्तर : अर्धंच. त्याआधी, १९६१-६२ मध्ये, जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरातही मोठं आंदोलन झालं. तिथला पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेट हुशार. त्याने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या गांधीमार्गाचा अभ्यास केला होता. शिपायांना ताकीद होती, कॅमेऱ्यासमोर हात उचलायचा नाही. आसपासच्या जिल्ह्यांतल्या तुरुंगांत त्याने आधीच जागा करून ठेवली, त्यामुळे तुरुंग भरून टाकायचा आंदोलकांचा डाव फसला. वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकारही ढिम्म हललं नाही.

बर्मिंगहॅममध्ये गाठ बुल कॉनरशी होती; शहराचे पोलीस आणि अग्निशमन दल त्याच्या हाताखाली. एप्रिल १९६३ मध्ये तो महापौरपदाची निवडणूक हरला होता, पण कोर्टबाजीमुळे पोलीस अजून त्याच्याच हातात होते. ३ मेला त्याने आंदोलनात उतरलेल्या शाळकरी मुलांवर अग्निशमन दलाच्या पाण्याचा मारा केला, कुत्री सोडली. एका मुलाच्या पोटाशी झेपावलेल्या कुत्र्याचा फोटो दुसऱ्या दिवशी देशभर छापून आला. तो पाहून मळमळलं, असं खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी म्हणाले.

मात्र आंदोलक आणि शहरातले व्यापारी यांच्यातला १० मेचा समझोता नुसत्या फोटोने झाला नाही. कृष्णवर्णीयांनी ऐन ईस्टरच्या हंगामात बाजारपेठेवर बहिष्कार टाकला होता. दुकानदारांचा गल्ला बसला, तेव्हा ते बोलणीला आले. समझोत्यात सगळ्यात आधी खुल्या व्हायच्या होत्या त्या कापडदुकानांतल्या ट्रायल रूम! तोवर कृष्णवर्णीयांचे पैसे चालत, पण कपडा घालून पाहायची सोय नव्हती. केनेडींनी जूनमध्ये नागरी हक्क कायद्याची घोषणा केली; तो मंजूर झाला २ जुलै १९६४ ला, त्यांच्या हत्येनंतर.

प्रश्न : पण लहान मुलांना पुढे करणं पटतं का?

उत्तर : माल्कम एक्स या जहाल कृष्णवर्णीय नेत्याला मुळीच पटलं नव्हतं, किंगही आधी कचरत होते. पण मोठ्यांना अटक झाली की नोकरी जायची. मला विचाराल तर दोष पाणी सोडणाऱ्यांचा. तरी ती जोखीम ठरवून पत्करलेली होती, हे लपवू नये.

प्रश्न : मग दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलनंतर काहीच का बदललं नाही?

उत्तर : २१ मार्च १९६० रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली. जगभर निषेध झाला, पण सरकारने उलट आंदोलकांच्याच संघटनांवर बंदी घातली. अलाबामाच्या डोक्यावर निदान वॉशिंग्टन तरी होतं. प्रिटोरियाच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारच्या, वर कोणीच नव्हतं, आणि कृष्णवर्णीय बहुसंख्येला मताचा अधिकार मिळाला तो थेट १९९४ मध्ये.