शंभर वर्षांतून एकदा म्हणजे किती वेळा?

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता असून गोरेगावातील आमच्या गृहनिर्माण संस्थेसाठी पूरधोक्याचा अहवाल तयार केला होता. तळमजल्यावरील मीटरखोली उंचावर हलवावी, अशी शिफारस मी केली, परंतु सभेत ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ असे म्हणताच एक ज्येष्ठ सभासद उद्गारले, “तो 2005 मध्ये येऊन गेला, आता 2105 पर्यंत काळजी नाही.” सगळे हसले आणि विषय बारगळला. माझे काय चुकले?

उत्तर : त्या सभासदांनी तुमच्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला, एवढेच. अभियंत्यांच्या लेखी या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘दरवर्षी 1 टक्का शक्यता’ असा असतो, आणि मागच्या वर्षी काय झाले याचा हिशेब पाऊस ठेवत नाही. मात्र ‘1 टक्का’ असे म्हणूनही भागत नाही, कारण तो आकडा ऐकणाऱ्याला नगण्य वाटतो. सभासद त्या घरात किती वर्षे राहणार, तो काळ धरा : 30 वर्षांत असा पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, म्हणजे जवळजवळ चारात एक ठरते. (0.99 चा तिसावा घात 0.74 येतो, हे गणित परिशिष्टात राहू द्या.) जुन्या नोंदींवर बेतलेला हा अंदाज पावसाची तऱ्हा पालटल्यास कमी पडेल, हे मात्र एका वाक्यात सांगाच, अनिश्चितता लपवणारा तज्ज्ञ पहिल्याच चुकीला विश्वास गमावतो.

मिलिमीटरचेही तसेच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा मुंबईकरांना पाठ असला तरी त्यातून पाणी डोळ्यांसमोर येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा 500 चौरस मीटरच्या आवारात 10,000 लिटरचे 47 टँकर रिकामे झाले, असे सांगितल्यास उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या संस्थेला वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. त्याच दिवशी कुलाब्यात 75 मिलिमीटरही पाऊस पडला नव्हता, म्हणून ‘मुंबईची सरासरी’ सभेत आणूच नका.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘पूरधोका अहवाल’ असे न लिहिता ‘मीटरखोली उंचावर हलवणे व त्यासाठी प्रत्येक सदनिकेस येणारा खर्च’ असे लिहा.