गडग्यापलीकडच्या घरी जायला सिंगापूरचा फेरा कशाला?

प्रश्न : आम्ही हर्णैचे. माझ्या आणि चुलतभावाच्या घरामधे फक्त एक गडगा आहे, पण त्याचं नेट एका कंपनीचं, माझं दुसऱ्या. मुलगा म्हणतो, काकाला कॉम्प्युटरवरून थेट फाइल पाठवली तरी ती परदेशात फिरून येऊ शकते. खरं का हो?
– एक वाचक, ता. दापोली

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. दोन कंपन्या देशात कुठे जोडलेल्याच नसतील तर डेटा त्यांच्या वरच्या मोठ्या कंपनीकडे जातो, आणि ती गाठ कधीकधी सिंगापूरला पडते, वर त्या फेऱ्याचे पैसेही कंपन्यांना मोजावे लागतात. हे टाळायला इंटरनेट एक्स्चेंज असतं, म्हणजे नेट कंपन्यांनी एकमेकींना थेट डेटा द्यायघ्यायची जागा. तुमच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव डोळ्यासमोर आणा, सगळ्या होड्या नि सगळे व्यापारी एकाच जागी येतात म्हणून कुणाला दारोदार फिरावं लागत नाही, तसंच हे. दहा कंपन्यांना एकमेकींशी वेगवेगळं जोडायचं तर ४५ जोडण्या लागतात, एक्स्चेंजच्या स्विचमधे, म्हणजे सगळ्यांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्रात, प्रत्येकीने एकच केबल आणून लावली की झालं. आपल्याकडे यासाठी २००३ साली निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) सुरू झालं, आता मुंबईत खासगी एक्स्चेंजही आहेत.

फरक किती पडतो तर काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईला जाऊन यायला तुमच्या डेटाला तीन-चार मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग), आणि सिंगापूरला चाळीसच्या वर. घरी करून बघा, विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ट्रेसर्ट (tracert, डेटाची वाट टप्प्याटप्प्याने दाखवणारी आज्ञा) लिहून पुढे एखाद्या मराठी पेपरच्या साइटचं नाव टाका, मिलिसेकंदांचे आकडे पाच-दहावरून एकदम साठ-सत्तरवर गेले तर स्वारी बहुतेक समुद्रापार गेलीय.

मला वेगापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. जानेवारी २००८ मधे इजिप्तजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रडायला लागलं. अशा वेळी देशातला डेटा देशातच फिरत असेल तर निदान आपली बँक, रेल्वेचं बुकिंग तरी चालू राहतं!

पण एक्स्चेंज असलं म्हणून सगळ्या कंपन्या तिथे सगळा डेटा देतातच असं नाही, ते त्यांच्या मर्जीवर. आणि पावसात दरड आली किंवा हायवेच्या खोदकामात केबल तुटली तर मुंबईतलं एक्स्चेंज काही करू शकत नाही, त्याला दुसऱ्या वाटेने आलेली केबलच लागते. तुमच्या नेटवाल्याला हे दोन्ही विचारा, मुंबईच्या एक्स्चेंजला जोडलायस का आणि तालुक्यात केबल किती वाटांनी येते.